काहिलीपाशी विचारलेलं

थंडी यंदा वेळेवर आली नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. एरवी सेक्रिस्टांकडे डुकरं कापायची ती थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी. पण नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, नुसता पाऊस आणि चिखल. असल्या दमट हवेत मांस टांगायचं म्हणजे नासवायचंच. जानेवारीत एकदाचा ओढा गोठला, आणि व्हर्नाने तिन्ही मुलांना फोन करून सांगितलं, मंगळवारी या. मंगळवारी संध्याकाळी टाउनशिपची सभा आहे हे तिला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणत असेल तर म्हणो बापडे. मी मानणार नाही.

थोरल्या वेंडलने उलट फोन करून सांगून पाहिलं की बुधवारी करू. बुधवारी हवा पुन्हा उबदार होणार आहे, म्हणाली. मग लोइसला तरी दुपारनंतर बोलाव, तो म्हणाला. त्यावर म्हातारी म्हणे, सॉसेज काय तुझ्या सभेसाठी थांबणार आहेत? आईपुढे वेंडलचं कधी चाललेलं नाही. साठीला आलेला माणूस, टाउनशिपचा अध्यक्ष, पण फोन ठेवताना आवाज शाळकरी पोरासारखा.

त्याच्या घाबरण्याला कारण होतं. शॅड रन टाउनशिपचा, म्हणजे आमच्या गावाचा, कारभार निवडून दिलेल्या तीन माणसांच्या हातात: वेंडल, त्याची बहीण लोइस, आणि पलीकडच्या कड्यावरचा म्हातारा हार्लन ग्रिम. या तिघांतले कोणीही दोघं टाउनशिपच्या कामावर बोलले की कायद्याने ती सभा झाली, आणि सभा म्हटली की ती लोकांसमोरच व्हायला हवी. आसपासच्या टाउनशिपांत हा कायदा जमेल तसा पाळतात. दोन जण दुकानात भेटले की बोलतातच. वेंडलचं तसं नाही. लोइस निवडून आली त्या दिवसापासून आईच्या जेवणाच्या मेजावर रस्ता, पूल, बर्फ ढकलायची गाडी, हे शब्द बंद. कुणी विषय काढलाच, तर वेंडल चमचा कपावर वाजवणार, आणि दोघांतल्या एकाने उठून व्हरांड्यात जायचं. बहुतेक वेळा लोइसच जायची. पाय खाली टाकून झोक्यावर बसायची, आणि आतला विषय संपला की आई खिडकीवर टकटक करायची.

आता सख्ख्या भावंडांत असला नियम म्हटल्यावर लोक हसणारच. हसायचेही. पण गेल्या वसंतात वीज कंपनीची माणसं टेकडीवर आली, गुलाबी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकून गेली, आणि त्यानंतर या नियमाला कुणी हसलं नाही.

*

कर्बीने पहाटेच डुकरं सोलायच्या टाकीखाली जाळ केला होता. तो धाकटा. बापामागे टेकडीवरची शेती त्यानेच धरून ठेवली. वेंडल खाली रस्त्याला घर बांधून राहिला, लोइस नदीकाठी सासरी. पाणी तापेपर्यंत कर्बी कोठाराच्या भिंतीला टेकून उभा राहिला. समोर मक्याचं रिकामं रान, त्याच्या पलीकडे बापाने लावलेली अक्रोडाची रांग, आणि रांगेच्या अलीकडे पलीकडे फिती. त्याने दोनदा उपटून ओढ्यात टाकल्या होत्या. दोन्ही वेळा नव्या आल्या.

कंपनीचं म्हणणं साधं होतं. टेकडीवर मोठं तळं करायचं. वीज स्वस्त असेल तेव्हा सस्क्वेहाना नदीचं पाणी पंपाने वर चढवायचं, वीज महाग झाली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. घर, कोठार, कुरण, अक्रोड, सगळं त्या तळ्याच्या तळाशी जाणार. कर्बीला यातलं काही समजत नव्हतं असं नाही. त्याला एवढंच समजत नव्हतं की खालचं पाणी वर नेऊन परत खालीच सोडायचं, तर त्यासाठी माणसाने उठून जायचं कुठे.

शेवटचा निर्णय वॉशिंग्टनच्या ऊर्जा आयोगाचा. टाउनशिपच्या हातात एकच गोष्ट: ठराव करून आयोगाला कळवायचं की हे तळं आम्हाला नको. कंपनीची वकील मंडळी सगळीकडे सांगत फिरत होती की स्थानिक लोकांचा विरोध फारसा नाही, टाउनशिपसुद्धा गप्प आहे. त्यामुळे गप्प न राहणं एवढाच काय तो आधार. आयोगाकडे म्हणणं पाठवायची मुदत उद्या संध्याकाळी संपत होती, आणि ठराव आज रात्रीच्या सभेत यायचा होता.

कर्बीने दोघांनाही एकेकटं गाठून विचारलं होतं. वेंडल म्हणाला, मी सगळ्यांचं ऐकून घेईन, मग ठरवीन. लोइस म्हणाली, माझं मत सभेत कळेल. दोघंही त्याला सांगणार नव्हते, कारण एकाचं बोलणं त्याच्या तोंडून दुसऱ्याकडे गेलं असतं. कर्बीला ते पटायचं, आणि रात्री उशीवर पडलं की पटेनासं व्हायचं. वेंडल कंपनीच्या माणसाशी किती गोड बोलला होता गेल्या सभेत. पूल दुरुस्त करून देऊ म्हणाले तेव्हा मान डोलावली होती की नव्हती? लोइसचा नवरा खालच्या जुन्या धरणावर नोकरीला, त्याच्या घरात तळं वाईट कसं असेल? आणि हार्लन ग्रिमचा तर प्रश्नच नाही, तो सेक्रिस्टांच्या घराला लागलेली आग विझवायला शेवटी येणारा माणूस.

आदल्या दिवशी तो आईकडे बसला आणि म्हणाला, तू विचार. तुला नाही म्हणणार नाहीत ते.

व्हर्ना काहील घासत बसली.

*

कापायच्या दिवसाची कामं सेक्रिस्टांकडे वाटून द्यावी लागत नाहीत. सुरी वेंडलची, करवत कर्बीची, सॉसेजचं यंत्र लोइसचं, आणि काहील व्हर्नाची. हाडं शिजवून त्या रश्श्यात मक्याचं पीठ आणि मसाला घालून घोटायचं, थाळ्यांत ओतून गोठवायचं, ते पॉनहॉस. एकदा पीठ पडलं की ढवळायचं लाकडी वल्हं हातातून सुटता कामा नये. क्षणभर थांबलं की तळाला लागतं, आणि एकदा लागलं की जळका वास शेवटच्या थाळ्यापर्यंत जातो. ऐंशीच्या घरातली बाई, खांदे दुखायचे, पण वल्हं ती दुसऱ्याच्या हातात देत नसे.

लोइस यंत्राचा दांडा फिरवत होती आणि मनातल्या मनात चरफडत होती. या शेडमध्ये किती दंगा असायचा पूर्वी. बाप डुकराचं शेपूट पाठीमागून कुणाच्याही कोटाला टाचायचा, आणि ते माणूस दिवसभर शेपूट घेऊन फिरायचं. आज तिघं भावंडं कलेजी कुणाला हवी, मीठ किती, एवढंच बोलत होती. वेंडल तिच्याकडे पाठ करून उभा होता, आणि ते मुद्दाम आहे हे तिला कळत होतं. तिला वेंडल आवडायचा. पण व्हरांड्यातल्या त्या झोक्यावर तिने तीन हिवाळे काढले होते. लोकांनी तिलाही निवडून दिलं होतं, वेंडलइतकंच. मग उठून बाहेर जायचं ते नेहमी तिनेच का, हे तिने कधी विचारलं नव्हतं, कारण विचारणं म्हणजेसुद्धा टाउनशिपबद्दल बोलणं.

मक्याचं पीठ पडलं. व्हर्ना वल्हं मारत होती. मारता मारता थांबली.

"मला तुम्हा दोघांना एक विचारायचंय," ती म्हणाली. "आणि वेंडल, इथे कप नाहीये, तेव्हा वाजवायला काही शोधू नकोस."

वेंडलने सुरी खाली ठेवली. "आई, नको."

"मी अजून विचारलंच नाही."

"तेच म्हणतोय. नको विचारू. लोइस, तू जरा घरात जाऊन ये."

लोइस जागची हलली नाही. वेंडल स्वतः दाराकडे निघाला, तर दारात कर्बी करवत घेऊन उभा. तो बाजूला झाला नाही. अडवलंही नाही, म्हणजे हात वगैरे लावला नाही, पण बाजूला झाला नाही.

"ह्या घरात मी लग्न होऊन आले," व्हर्ना म्हणाली. "तुम्ही तिघं वरच्या खोलीत जन्मलात. तुमचा बाप खालच्या खोलीत गेला. मी काही टाउनशिप नाही. मी आई आहे, आणि मला आज रात्री त्या हॉलमध्ये सगळ्या गावासमोर बसून कळायला नको. मला इथे कळू दे. राहू देणार आहात का मला माझ्या घरात?"

तिचा आवाज वाढला नव्हता. हनुवटी तेवढी हलत होती, आणि वल्हं काहिलीत नुसतं उभं होतं.

लोइसने दांडा सोडला. तिने आधी ठरवलं होतं असं नाही. तीन वर्षं तोंडाला लावलेलं कुलूप आईच्या त्या हनुवटीपुढे निघालं, बस.

"मी ठरावाच्या बाजूने आहे, आई," ती म्हणाली. "तळं नको असंच म्हणणार आहे. पहिल्या दिवसापासून." मग ती वेंडलकडे वळली. "आता तुझं सांग. मी बोलले, आता तू गप्प राहून काही वाचणार नाहीये."

वेंडल खाली पाहत होता. सोललेल्या डुकराचं पाणी फरशीवरून त्याच्या बुटाखाली येत होतं.

"माझंही तेच," तो म्हणाला.

कर्बीने करवत भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इतका मोठा माणूस, खांदे गदगदत होते त्याचे. लोइस त्याच्याजवळ गेली. क्षणभर का होईना, त्या शेडमध्ये तिन्ही पोरं एका बाजूची होती, आणि व्हर्नाला वाटलं, झालं, वाचलो आपण.

मग वास आला. तिने घाईघाईने वल्हं फिरवलं, तळ खरवडला, काळे तुकडे वर आले.

*

हार्लन ग्रिमला पॉनहॉसचा एक थाळा दर वर्षी जातो, आणि तो वेंडल स्वतः नेऊन देतो. का नेतो ते दोघांनाही माहीत आहे, आणि दोघंही बोलत नाहीत.

वेंडल तेव्हा शाळेत होता. त्याचा बाप एलवुड तेव्हा टाउनशिपचा अध्यक्ष, आणि एलवुडचा मेव्हणा दुसरा सभासद. मोठ्या विजेच्या तारा टाउनशिपमधून न्यायच्या होत्या, एक वाट सेक्रिस्टांच्या कुरणावरून, दुसरी ग्रिमांच्या. दोघा मेव्हण्यांनी डुकरं कापता कापता, त्याच शेडमध्ये, त्याच काहिलीपाशी ठरवून टाकलं. रात्री सभेत हार्लनचा बाप तासभर हातात टोपी धरून बोलला, आणि मंडळाने मन लावून ऐकल्यासारखं केलं. तारा ग्रिमांच्या घरावरून गेल्या. अजून आहेत. पावसात गुणगुणतात. वेंडल त्या दिवशी काहिलीपाशी लाकडं सारत होता, त्याने सगळं ऐकलं होतं.

म्हणून अध्यक्ष झाल्यावर त्याने एक पद्धत पाडली. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला, झेंड्याला वंदन झालं की, तो उभा राहून म्हणतो: या सभेपुढच्या कोणत्याही कामाबद्दल आमच्यापैकी कोणीही दोघं आधी बोललेलो नाही. असं म्हणायला कायदा सांगत नाही. तो हार्लनकडे बघून म्हणतो, आणि हार्लन मान हलवतो. एवढ्यावर दोन घराण्यांचं चाललं होतं.

त्या संध्याकाळी हार्लनने दारातच थाळा हातात घेतला, कागद वर केला आणि नाकाशी नेला.

"लागलंय," तो म्हणाला.

"हो. थोडं लागलं."

"व्हर्नाच्या हातचं? माझ्या जन्मात कधी लागलेलं नाही." हार्लनने त्याच्याकडे पाहिलं. चिडून नाही, नुसतंच. "बरी आहे ना ती?"

बरी आहे, वेंडल म्हणाला, आणि गाडीकडे चालू लागला. हॉलपर्यंतचा रस्ता त्याने अगदी हळू कापला. बोलायचं नाही, एवढंच करायचं होतं. वाक्य म्हणायचं, ठराव मांडायचा, लोइस अनुमोदन देणार, दोन विरुद्ध एक. त्या शेडमध्ये चार माणसं होती आणि चारही घरची. तो स्वतःला हेच सांगत होता, आणि बापानेही स्वतःला हेच सांगितलं असेल, हेही त्याला कळत होतं.

*

फायर हॉलमध्ये, म्हणजे आगीच्या बंबवाल्यांच्या दालनात, बिंगोच्या खेळालासुद्धा इतकी गर्दी होत नाही. खुर्च्या संपल्या, लोक भिंतीला लागून उभे राहिले. कंपनीचे दोघं मागच्या रांगेत मांडीवर कोट घेऊन बसले होते. व्हर्ना पहिल्या रांगेत, चर्चला जायचा निळा कोट घालून, शेजारी कर्बी आणि त्याची बायको रोंडा. कर्बीने दाढी केली होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा माणसासारखा दिसत होता.

मंडळाची वकील, डीट्झबाई, हिने आधीच्या सभेत उघडपणे सांगून ठेवलं होतं की घर आईचं आणि भावाचं असलं तरी वेंडल आणि लोइस नातं जाहीर करून मत देऊ शकतात, कारण दोघं बाजूला झाले तर मंडळच उरत नाही. त्यामुळे तो प्रश्न मिटलेला होता. सगळं जागच्या जागी होतं.

झेंड्याला वंदन झालं. लोक बसले. वेंडल उभाच राहिला.

"या सभेपुढच्या कोणत्याही कामाबद्दल," त्याने सुरुवात केली, आणि सवयीने हार्लनकडे पाहिलं. हार्लन पाहतच होता. मान हलवायच्या तयारीत होता.

लोइसने मेजाखाली त्याच्या बुटावर बूट ठेवला.

वेंडल थांबला. हॉलमध्ये कुणी खोकलं. पहिल्या रांगेत आई बॅगेचा पट्टा धरून बसली होती, आणि त्याला एकदम वाटलं की आपण हे वाक्य पूर्ण केलं तर ते आजपासून आपल्या बापाचं होईल. वाईट वाटलं त्याला, भीतीही वाटली, आणि तरी तोंड उघडलं.

"मला ते म्हणता येत नाही," तो म्हणाला. "आज सकाळी आईच्या काहिलीपाशी लोइस आणि मी तळ्याच्या ठरावाबद्दल बोललो. आम्ही कसं मत देणार ते एकमेकांना सांगितलं. हार्लन, तुम्ही नव्हता तिथे. असायला हवे होतात."

नंतर काय झालं ते टाउनशिपमध्ये प्रत्येक जण वेगळं सांगतो. आरडाओरडा झाला नाही एवढं खरं. मागच्या रांगेतल्या दोघांपैकी एकाने खिशातून पेन काढलं. डीट्झबाई वेंडलच्या कानाशी लागली, मग लोकांना ऐकू जाईल असं म्हणाली की हे ऐकल्यानंतर आज ठराव झाला, तर कंपनी तो न्यायालयात उभाही राहू देणार नाही, आणि वर हेच दाखवेल की शॅड रनचा विरोध म्हणजे एका कुटुंबाचा विरोध. नव्याने सभा घ्यायची तर आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, आणि ती छापून दिवस उलटेपर्यंत आयोगाची मुदत संपलेली असेल. तिचा सल्ला, आज मत घेऊ नये.

लोइस म्हणाली, मी ठराव मांडते, मग न्यायालयात काय व्हायचं ते होईल. तिचे कान लाल झाले होते. अनुमोदन कोण देणार? तिने वेंडलकडे पाहिलंच नाही. ती हार्लनकडे वळली, आयुष्यात पहिल्यांदा.

हार्लन ग्रिम सावकाश उठला. गुडघे धरून उठावं लागतं त्याला.

"मी आज ठरावाच्या बाजूने मत द्यायला आलो होतो," तो म्हणाला. "ते तळं झालं तर आणखी तारा येणार, आणि त्या कुणाच्या घरावरून जाणार हे मला शिकवायला नको. तिघांची तीन मतं झाली असती. तुम्ही मला विचारलं नाही, ते बरोबरच केलंत, विचारायचं नसतंच. पण एकमेकांना विचारलंत." तो थोडा थांबला. "वेंडलने सांगितलं, ते त्याच्या बापाला जमलं नव्हतं. त्याबद्दल मी त्याच्याशी हात मिळवीन. पण त्या काहिलीपाशी ठरलेल्या गोष्टीला ग्रिमांचा माणूस अनुमोदन देणार नाही. मग ती गोष्ट माझ्या भल्याची का असेना."

तो बसला. लोइसचा ठराव अनुमोदनावाचून तिथेच राहिला. वेंडलला देता आलं असतं. कायद्याने त्याला आडकाठी नव्हती. सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता. त्याने कागद सरळ केले आणि पुढचा विषय वाचला. पुढचा विषय बर्फावर टाकायच्या मिठाचा होता.

पहिल्या रांगेत कर्बी उठून बाहेर गेला. व्हर्ना बसून राहिली. मिठाचं सगळं ऐकलं तिने.

*

सभेनंतर थाळे वाटायचे होते. प्रत्येक घराचे चार, हे ठरलेलं. कुणाला यायचं नव्हतं, पण व्हर्नाने तिघांनाही स्वयंपाकघरात बसवलं, रोंडाने कॉफी ठेवली. थाळे मेजावर रचलेले, वर पांढरी चरबी धरलेली. जळका वास घरभर होता.

कर्बी वेंडलकडे न बघता बोलला. त्याने काही मोठं विचारलं नाही. एक वाक्य होतं, तो म्हणाला. वर्षानुवर्षं म्हणतोस, आज एकदा म्हणायचं होतंस. कोण सांगायला जाणार होतं? मी? आई?

"खोटं झालं असतं," वेंडल म्हणाला.

"घर राहिलं असतं."

"ठरावाने घर राहतंच असं नाही, कर्बी. आयोग..."

"मला माहितीये आयोग काय आहे ते." कर्बीने थाळा पुढ्यातून दूर सारला. "निदान आपण नाही म्हटलं असतं. आता तिथे लिहिलं जाईल, शॅड रन टाउनशिप गप्प राहिली. हरणं वेगळं, वेंडल. आपल्याच माणसाने गप्प बसवणं वेगळं."

 लोइसला घराइतकंच दुसरंही लागलं होतं. "तू माझंही सांगून टाकलंस," ती म्हणाली. "मी काय बोलले ते सांगायचं की नाही, हे निदान मला ठरवू द्यायचं होतंस. व्हरांड्यात जायचं ते तू सांगितलंस म्हणून, आणि आज चारचौघांत उघडी पडले तीही तू सांगितलंस म्हणून."

 वेंडलने आईकडे पाहिलं.

व्हर्ना चुलीपाशी उभी होती. तिने एक थाळा उपडा केला, पॉनहॉसचे काप केले, तव्यावर टाकले. जळलेलं असलं म्हणून अन्न टाकून देणारं हे घर नव्हे. काप उलटत ती बोलली, आणि तिची पाठ पोरांकडे होती.

"त्याला काही म्हणू नका. आईने विचारलं की उत्तर द्यायचं, हे मीच शिकवलं. लोकांसमोर खोटं बोलायचं नाही, हेही मीच शिकवलं. ही दोन्ही एका दिवशी समोरासमोर येतील हे मला सुचलं नाही. विचारलं मी. थांबले असते संध्याकाळपर्यंत तर तीन मतं पडली असती, आणि हे पॉनहॉसही लागलं नसतं."

 तिला वाटलं होतं कुणीतरी म्हणेल, नाही आई, तुझं काय चुकलं. कर्बीनेच तिला विचारायला लावलं होतं, तोही म्हणाला नाही. तिने काप पाच बशांत वाढले, एकेक समोर ठेवली, आणि स्वतःच्या बशीशी बसली. तिने पहिला घास खाल्ला, म्हणून सगळ्यांनी खाल्ला. कडू लागत होता.

थोड्या वेळाने वेंडल म्हणाला, वसंतात अक्रोडांची रोपं काढून माझ्या आवारात लावून ठेवू, काही जगतील. चांगल्या मनाने म्हणाला तो. त्याचा स्वभावच तसा, काहीतरी करत राहायचं.

कर्बीने चमचा उचलला आणि आपल्या कपावर वाजवला. दोनदा, सावकाश, अगदी वेंडल वाजवायचा तसा.

टाउनशिपचं नाव कुणी काढलेलं नव्हतं. वेंडलने आईकडे पाहिलं. आई बशीत बघत होती. लोइसकडे पाहिलं. मग तो उठला, खुर्ची नीट आत सारली, आणि कोट न घेताच व्हरांड्यात गेला. बाहेर झोका करकरला.

दारातून गार वारा आत येत होता. लोइस उठली आणि तिने दार लावून घेतलं. खिडकीवर टकटक करायला त्या रात्री कुणी उठलं नाही.